पुस्तक हाती येते तेव्हा

मराठीत 'प्रकाशन' हा मोठा गमतीचा शब्द आहे. पुस्तक छापून, बांधून तयार झाले तरी ते अजून अंधारातच आहे, असे आपण धरून चालतो. मग त्याला चकचकीत कागदात गुंडाळायचे, वर रिबिनीची गाठ मारायची आणि चारचौघांसमोर पाहुण्यांनी ती सोडायची. ती गाठ हटकून सुटत नाही. पाहुणे नखाने ओढतात, कुणीतरी कात्री शोधायला धावते, आणि अखेर पुस्तक एकदाचे प्रकाशात येते. बारशाला बाळाला नटवून पाळण्यात घालावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की बारशाला आईला कुणी 'चार शब्द' बोलायला लावीत नाही.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. तेव्हापासून मराठीत किती कादंबऱ्या आल्या नि गेल्या, त्यांची गणती कोण करणार? काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाबरोबर वाचायची आपल्याला गोडी लागली. एवढ्या मोठ्या पंगतीत मॅट्रिकवर थांबलेल्या एका मास्तरीणबाईची पहिली कादंबरी म्हणजे पानातले चिमूटभर मीठ! पण ज्या घरून ते मीठ आले, त्या घरी त्या दिवशी लगीनघाई होती.

समारंभ साताऱ्यात, रविवारी सायंकाळी पाचला. घर मात्र पहाटे पाचलाच जागे. आत्या कराडहून आल्या, मामा-मामी कोरेगावहून. आईने कंदी पेढ्यांचे पुडे तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा निरनिराळा आकडा आला. मी ठेवणीतले लुगडे नेसून बाहेर पडले, तर माझ्या बालवर्गातला शेजारचा मुलगा दारातच भेटला. "बाई, तुमचं लग्न आहे?" त्याने विचारले. आमच्या ह्यांनी मागून गंभीरपणे सांगितले, "माझं झालेलं आहे रे, बाबा."

सगळे हसत होते. माझ्या पोटात मात्र गोळा उठला होता. त्याचे कारण अण्णा.

अण्णा जुळारी होते. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. छापखान्यात शिशाचे खिळे असत. एका खिळ्यावर एक अक्षर, तेही उलटे. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने केसच्या खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून मराठीचे खण इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त. पण अण्णांचा हात न पाहता नेमक्या खणावर पडे. छपाई झाली की तीच पाने मोडायची आणि खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. पुस्तकावर लेखकाचे नाव असे, प्रकाशकाचे असे, मुद्रकाचेही असे. जुळाऱ्याचे नसे.

१९९६ साली तो छापखाना बंद झाला. संगणक आले, ऑफसेट आले. दोष कुणाला द्यायचा? त्याच वर्षी माझे मॅट्रिक झाले आणि शिक्षणही तिथेच थांबले. खिळे मोडीत निघाले, त्या दुपारी मी अण्णांचा डबा घेऊन गेले होते. मोडवाल्याच्या काट्यावर पारड्यात ओंजळीओंजळीने अक्षरे पडत होती आणि अण्णा शेजारी उभे राहून वजन वहीत टिपून घेत होते. त्या दिवसाविषयी ते घरात कधी एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या कादंबरीचे चौदावे प्रकरण तेच आहे. त्यांनी काय लिहिलेस म्हणून विचारले नाही, आणि मला सांगण्याचा धीर झाला नाही. सभागृहात शिरताना आत्यांनी माझ्या कानाशी लागून विचारले, "दादाला ठाऊक आहे का गं?" मी मान हलवली. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

आणि व्हायचे तेच झाले. गाठ सुटली, टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांनी भाषणात नेमके चौदावे प्रकरण काढले. अर्धे पान वाचून दाखवले. पहिल्या रांगेत अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरवून मी टेबलावरच्या तांब्याकडे पाहत राहिले.

पहिली प्रत द्यायला त्यांना वर बोलावले. त्यांनी पुस्तक मधोमध उघडले, पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "पाठीला अक्षर लागत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. खिळ्याचा दाब कागदाच्या मागच्या अंगाला जाणवतो, तो ते शोधीत होते. मग कुणीतरी ध्वनिक्षेपक पुढे केला.

"मी जन्मभर अक्षरं जुळवली," ते म्हणाले, "वाचली नाहीत. वाचत बसलं की हात थांबतो, आणि हात थांबला की मजुरी थांबते. आता ह्यांनी वाचलं ते ऐकलं. हिनं लिहिलंय, खिळे तोलताना तो जुळारी रडला. मी रडलो नव्हतो." सभागृह चिडीचूप झाले. "मी घरी येऊन, मागच्या पडवीत रडलो. ते हिला कसं ठाऊक असणार?"

एवढे बोलून ते खाली उतरले. आई पदराने डोळे टिपीत होती. तीस वर्षे हे तिलाही ठाऊक नव्हते. माझे चार शब्द घशातच राहिले, आणि ते कुणी मागितलेही नाहीत.

पुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. शाल, श्रीफळ, छायाचित्रे. आत्यांनी पाच प्रती विकत घेतल्या आणि प्रकाशकांशी सवलतीवरून हुज्जत घातली. मामींनी एक फुकट नेली.

कादंबरी बारा फर्म्यांची, म्हणजे एकशे ब्याण्णव पानांची आहे. अण्णा रोज दुपारी भिंग घेऊन चार पाने वाचतात, ओळीखाली बोट धरून. चौदावे प्रकरण अजून लांब आहे. काल ते वामकुक्षीला गेले तेव्हा मी पुस्तक उचलून पाहिले. खुणेसाठी त्यांनी पानांत शिशाची एक पातळ पट्टी घातली होती. दोन ओळींत जागा सुटावी म्हणून जुळारी घालतात, तसली. काट्यावर सगळे चढले, तेव्हा तेवढी एक पट्टी त्यांनी खिशात ठेवली असणार. मी ती होती तशीच पानांत ठेवून दिली.