गळती

आमच्या घरात दोन वृद्ध आहेत. एक अप्पा, वय वर्षे 81. दुसरी त्यांची हीरो होंडा सीडी 100, 1991 साली घेतलेली. अप्पांचे कान आणि गाडीचे रबर ही दोन्ही साधारण एकाच सुमारास निकामी झाली. अप्पांना श्रवणयंत्र आणून दिले, ते त्यांनी कपाटात ठेवले. गाडीकडे मात्र आम्हांला लक्ष द्यावे लागले, कारण 2025 च्या पावसाळ्याच्या अखेरीस ती जिन्याखाली उभ्या उभ्या पेट्रोल गाळू लागली.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे भाऊ. एक महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरा माध्यमिक शाळेत. खडूखेरीज दुसरे हत्यार आमच्या हातांना फारसे ठाऊक नाही. अप्पाही शिक्षकच, पण साताऱ्याहून मेढ्याकडच्या शाळेत वर्षानुवर्षे ते याच गाडीने गेले आणि वाटेत बंद पडलेली गाडी ज्याची त्यानेच चालू करायची असते, या काळात त्यांची नोकरी झाली. केळघर घाट चढून महाबळेश्वरकडे जाताना गाडी का गुदमरते, हे त्यांनी आम्हांला लहानपणी सांगितले होते. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढेच. मिश्रण 'रिच' होते, प्लग काळा पडतो. आम्ही त्या वेळी खाली दरीकडे पाहत होतो.

या गाडीच्या त्या काळच्या जाहिरातीत 'फिल इट, शट इट, फरगेट इट' असे म्हटलेले असे. अप्पांनी त्यातले पहिले दोन क्रियापद मानले, तिसरे कधीच नाही. रात्री गाडी लावली की टाकीखालचा कॉक बंद करायचा, हा त्यांचा नेम आई गॅसचा रेग्युलेटर बंद करी तितकाच पक्का होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली. (काढून घेतली हेच खरे, 'त्यांनी दिली' असे आम्ही पाहुण्यांना सांगतो.) किल्लीबरोबर तो नेम आमच्याकडे आला नाही.

गळती म्हटल्यावर आम्ही आधी पेट्रोलचा पाइप पाहिला. तो बोटांत वाकवताच त्याला भेगा दिसल्या. हल्ली पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली आर्द्रता ओढून घेते, जुन्या टाकीतला साका सुटा करते आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. पाइप बदलला. कॉकच्या दांडीमागचा रबरी वॉशर कडक होऊन पापडासारखा झाला होता, तोही बदलला. थेंब कमी झाले, थांबले नाहीत. आता ते एकाच जागेहून पडत होते: कार्बोरेटरच्या तळाशी जी बारीक ओव्हरफ्लोची नळी असते तिच्यातून.

इथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडे पेट्रोल सतत साठून असते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉलकॉक, तसा या वाटीत फ्लोट. पातळी वाढली की फ्लोट वर येतो, त्याच्यावरची निडल आपल्या बैठकीत जाऊन बसते आणि पेट्रोल बंद होते. निडल झिजली किंवा तिच्याखाली कचरा अडकला तर पेट्रोल येतच राहते. मग ते वाटीत मधोमध उभ्या असलेल्या पितळी नळीच्या तोंडापर्यंत चढते आणि तिच्यातून बाहेर पडते. म्हणजे ओव्हरफ्लोतून थेंब पडत असतील तर निडल गेली, हा सरळ अन्वयार्थ. गॅरेजवाल्यानेही तोच लावला. निडल नवी घातली, जेट हवा मारून साफ केले, एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडला. गाडी गोड चालू लागली, आणि संध्याकाळी जिन्याखाली पुन्हा तोच वास.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने पहिल्याची निडल काढून तिसरी घातली. फरक पडला नाही.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ, त्यांची कारणे, ते ओळखण्याच्या कसोट्या, सगळे फळ्यावर लिहून देतो. कार्बोरेटर उघडून वर्तमानपत्रावर मांडला तेव्हा दिसले की हीसुद्धा अनेक हातांखालून गेलेली पोथीच आहे. वाटीच्या स्क्रूंपैकी एक मूळचा, बाकीचे निरनिराळ्या डोक्यांचे. गॅस्केटवर कुणीतरी फासलेला लेप. एअर स्क्रूची खाच पेचकस निसटून निसटून गोल झालेली. प्रत्येक कारागिराने समोरचे लक्षण पाहिले, त्याला माहीत असलेला शब्द घातला आणि प्रत पुढे दिली. आम्ही मनातल्या मनात त्यांना हसलो, हेही नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते आमच्यावरच उलटणार होते.

निडलचा इलाज थकल्यावर आम्ही जे केले ते सांगायला लाज वाटते. ओव्हरफ्लोच्या नळीत एक स्क्रू घट्ट बसवून टाकला. थेंब थांबले, वास गेला. आठ दिवस आम्ही विजयी वीरासारखे वावरलो.

नवव्या दिवशी सकाळी अप्पा काठी टेकत जिन्याखाली आले. गाडीजवळ उभे राहून त्यांनी दोन वेळा श्वास घेतला. कान गेले असले तरी त्यांचे नाक शाबूत आहे.

"ऑइलची काडी काढ जरा," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही बसा तिकडे, आम्ही बघतो," आम्ही मोठ्याने म्हटले. त्यांच्याशी बोलताना आम्ही हल्ली सगळेच मोठ्याने बोलतो. त्यामुळे प्रेमाचे बोलणेही दटावल्यासारखे होते.

ते हलले नाहीत. काडी काढून दिली. ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर होते. अप्पांनी ते अंगठा आणि तर्जनीत चोळले, हुंगले आणि बोटे आमच्यापुढे धरली. ऑइल पाण्यासारखे पातळ, पेट्रोलचा घमघमाट.

"ऑइल वाढलंय. ऑइल कधी वाढतं का रे?"

रात्री केव्हातरी टाकीतला कचरा निडलखाली अडकला असणार. कॉक आम्ही बंद केलेला नव्हता. पेट्रोलला बाहेर पडायला ठेवलेली वाट आम्हीच बुजवली होती. तेव्हा ते इनटेकमधून सिलेंडरमध्ये आणि रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरले. तसेच किक मारून दहा-वीस किलोमीटर गेलो असतो तर पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन जाम व्हायला कितीसा वेळ लागला असता? आणि तेही घाटात झाले असते तर? धाकट्याचा मुलगा याच गाडीवर मागे बसून शिकवणीला जातो.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारले, "कॉक बंद केल्यावर किती वेळ गळतं?"

दोन कारागीर आणि दोन मास्तर यांपैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. आम्ही नळीतला स्क्रू काढला, निडल धुतली, वाटी भरू दिली, कॉक बंद केला आणि पाहत बसलो. दोष निडलचा असता तर कॉक बंद होताच वरून येणारे पेट्रोल थांबून गळतीही क्षणभरात थांबायला हवी होती. ती थांबली नाही. थेंब पडतच राहिले, वाटी अर्धी होईपर्यंत. म्हणजे पेट्रोल पितळी नळीच्या तोंडातून जात नव्हते. नळीच मध्ये कुठेतरी फुटलेली होती. रोज सकाळी पहिल्या किकला गाडी का येत नाही याचाही उलगडा झाला. वाटी रिकामी, तर येणार कशी?

वाटी उतरवून पुसली, नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल ओतले आणि खाली कोरडा कागद धरला. कागद ओला झाला. भिंगातून पाहिले तर नळीच्या अंगावर उभी चीर, केसासारखी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पकडीच्या दातांचे वळ.

त्या वळांची ओळख आम्हांला लगेच पटली. 2019 च्या दिवाळीच्या सुट्टीत एक पुस्तिका पुढे ठेवून आम्ही हा कार्बोरेटर पहिल्यांदा उघडला होता, अप्पा गावी गेलेले असताना. वाटीतली ती नळी जेट आहे असे समजून ती फिरवून काढण्याचा प्रयत्न केला होता. ती निघाली नाही, तेव्हा पक्कड लावली. मग ती जेट नव्हे हे कळले आणि सगळे मुकाट्याने जोडून ठेवले. सहा वर्षे ती चीर वाढत राहिली असावी. अपपाठ आमच्याच हातचा होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. सांगावे की नाही? अप्पांनी भिंग मागितले. त्यांनी ती नळी बराच वेळ उजेडात फिरवून पाहिली. वळ त्यांना दिसले नसतील असे समजण्याइतके आम्ही आता भोळे नाही.

"पक्कड आम्हीच लावली होती, अप्पा," थोरला म्हणाला, या वेळी हळू आवाजात. ऐकू गेले की ओठ वाचले कोण जाणे. त्यांनी मान हलवली.

"नळी पितळेची आहे. डाग बसेल. वाटी वितळू देऊ नको म्हणावं."

नवी वाटी मिळाली असती, पण अप्पांचा शब्द मोडवेना. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे एक ओळखीचे गृहस्थ अजून काम करतात. त्यांनी वाटी आधी पेट्रोलचा अंशही राहणार नाही अशी धुऊन वाळवून आणायला लावली, मग चीर घासून चकचकीत केली आणि कथलाचा पातळ डाग दिला. काम दहा मिनिटांचे, पैसे घ्यायला ते तयार नव्हते. अप्पांचे विद्यार्थी निघाले.

इंजिन ऑइल सगळे काढून नवे भरले. या गाडीच्या नोंदणीची पहिली पंधरा वर्षे 2006 मध्ये संपली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होत आले. पुढचे 2026 मध्ये. त्या वेळी ती भंगारात द्यावी असे आमच्यात जवळपास ठरले होते. तो विषय त्या संध्याकाळी कुणी काढला नाही.

रात्री वाटी बसवली. परीक्षा म्हणून कॉक मुद्दाम थोडा वेळ चालू ठेवला, मग अप्पांनी स्वतः वाकून तो बंद केला. ओव्हरफ्लोच्या नळीखाली त्या दिवशीचे वर्तमानपत्र पसरून आम्ही वर गेलो. सकाळी डाग पडलाय का पाहावे म्हणून लवकर खाली उतरलो, तर वर्तमानपत्र जागेवर नव्हते. अप्पा ओट्यावर बसून ते वाचत होते.