मांडवीवरचे पाच पत्ते

संध्याकाळी सातनंतर पणजीच्या बांदोडकर मार्गावर एक चक्कर टाकाच. एका बाजूला जुनं सचिवालय, म्हणजे एकेकाळचा आदिलशहाचा राजवाडा. दुसऱ्या बाजूला मांडवीत दिव्यांनी लखलखणारी कॅसिनोची जहाजं. धक्क्यावरून छोट्या बोटी पुण्या-मुंबईच्या मंडळींना भरभरून नेत असतात. कॅसिनोचा कायदा महाराष्ट्रातही १९७६ मध्ये झाला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑनलाइनचं म्हणाल, तर पैसे लावून खेळण्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ मध्ये केला. मग वीकएण्डला पोकर खेळायचाय? वयाची २१ पूर्ण असतील तर चढा बोटीत!

पण एक मिनिट. आपल्यापैकी बहुतेकांचं शिक्षण गणपतीच्या जागरणातल्या तीन पत्तीचं. तिथे सगळे पत्ते बंद, म्हणून आपण समोरच्याचा चेहरा वाचतो. इथे टेबलावर ‘टेक्सास होल्डम’ चालतो. प्रत्येकाकडे दोन बंद पत्ते आणि मधे सगळ्यांचे मिळून पाच उघडे. आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). दर टप्प्याला बोली. सातांतले उत्तम पाच म्हणजे तुमचा हात. आणि सावधान, तीन पत्तीतली ट्रेल इथे राणी नाही! पोकरमध्ये तीन सारख्या पत्त्यांवर सिक्वेन्स भारी आणि सिक्वेन्सवर कलर भारी.

समजा तुमच्याकडे बदामचा एक्का आणि चौकटचा राजा आहे. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, चौकट सत्ती आणि किलवर दुर्री आली. तिन्ही रंग वेगळे, आकडे लांबलांब. आत्ता कुणाचाच कलर किंवा सिक्वेन्स होऊच शकत नाही. बिनधास्त बोली लावा.

आता फ्लॉप बदलू. इस्पिकचा राजा, इस्पिक अठ्ठी, चौकट सत्ती. जोडी तीच, पण समोरच्याला कलर आणि सिक्वेन्सची आशा आहे. त्याला पुढचा पत्ता स्वस्तात बघू देऊ नका, मोठी बोली लावा. आणि टर्नवर इस्पिक नव्वी पडली तर? मधे तीन इस्पिक, शिवाय सात-आठ-नऊ! दोन इस्पिकवाला जिंकतो, गुलाम-दश्शीवालाही जिंकतो. तुमचे पत्ते तेच आहेत, किंमत मात्र उतरली. कुणी जोरात बोली लावली, तर राजांच्या जोडीच्या प्रेमात पडायचं नाही. पॅक!

म्हणून दर उघड्या पत्त्याला स्वतःला विचारा, ‘या मधल्या पत्त्यांतून सर्वांत भारी हात कोणता होऊ शकतो?’ मधे तीन एकाच रंगाचे नसतील तर कलर नाही. मधे जोडी नसेल तर फुल हाउस नाही. इतकं सोपं.

उलट बाजूनंही हिशोब करा. फ्लॉपनंतर तुमच्याकडे दोन इस्पिक आणि मधे दोन. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत नऊ इस्पिक, म्हणजे पुढच्याच पत्त्याला कलर लागण्याची शक्यता साधारण १९ टक्के. पॉटमध्ये ३,००० आहेत आणि समोरच्यानं १,५०० लावले. ४,५०० साठी १,५०० घालायचे, तर नुसती बरोबरी व्हायलाही चारातला एक डाव जिंकायला हवा. तुमच्या वाट्याला मात्र पाचातला एक. कलर लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल असं वाटत नसेल, तर सोडा.

सचिवालयाशेजारीच आबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनशास्त्रातलं हे मोठं नाव मूळचं गोव्याचं. त्यांच्यासारखी नजर आपल्याकडे नसली तरी बिघडत नाही. समोरच्याचा चेहरा फसवू शकतो, मधले पत्ते सगळ्यांना सारखेच दिसतात. फक्त कॅसिनो पॉटमधून स्वतःचा वाटा कापून घेतो, हे विसरू नका. किती हरायचं ते धक्क्यावरच ठरवा आणि तेवढेच पैसे घेऊन बोटीत चढा. मग निकाल काहीही लागो, सकाळची फिश थाळी पक्की!