वीजबिल हाही हिशेबच

देवणी हा लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकच्या सीमेलगतचा तालुका. येथील आडत्या तूर-सोयाबीनच्या पट्टीत किलोचीही तफावत राहू देत नाही. रोकड जुळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याच दुकानाचे वीजबिल मात्र न वाचताच भरले जाते आणि खर्चखाती नोंदले जाते. छापील बिलात चूक कशी असेल, असा विश्वास त्यामागे असतो.

चूक असू शकते, आणि कोणी पाहिले नाही तर ती वर्षानुवर्षे तशीच राहते. महावितरणच्या बिलावर मागील व चालू रीडिंग, गुणक अवयव, मंजूर भार आणि दरवर्गवारी छापलेली असते. दोन रीडिंगमधील फरकाला गुणक अवयवाने गुणले की युनिट निघतात. समजा, फरक 900 आहे आणि खरा गुणक 1 आहे. परंतु नोंद 2 अशी झाली, तर 1800 युनिटांचे पैसे द्यावे लागतात. डाळमिल औद्योगिक वर्गवारीत मोडते. तिला वाणिज्यिक दर लागला, तर प्रत्येक युनिटमागे नुकसान होते. सुरक्षा ठेवीवरील व्याज जमा झाले की नाही, हेही पाहिले पाहिजे.

विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 62(6) नुसार मंजूर दरापेक्षा अधिक घेतलेली रक्कम बँक दराच्या व्याजासह परत मिळू शकते. त्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. विलंब झाल्यास हक्काचा पैसाही हातचा जातो. बिलाबाबत वाद असल्यास कलम 56 प्रमाणे मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. मग वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही.

हिशेबाला दुसरी बाजूही असते. राजस्थानात एका ग्राहकाला जुलै 2009 ते सप्टेंबर 2011 या काळात चुकीच्या वर्गवारीने कमी बिल गेले. मार्च 2014 मध्ये वीज कंपनीने फरकाची मागणी केली. 18 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चूक उमगल्यावर कंपनी पुरवणी मागणी करू शकते. मात्र दोन वर्षे उलटल्यावर त्यासाठी वीज तोडता येणार नाही. म्हणजे बिल कमी आले म्हणून गप्प बसणाऱ्याचे देणे संपत नाही. ज्याला आपले येणे व्याजासह हवे, त्याने आपले देणेही आपण होऊन कळवावे. व्यापाऱ्याची पत त्यातच आहे.

यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. दर महिन्याला मीटरवरील रीडिंग, बिलातील रीडिंग, युनिट आणि रक्कम एका वहीत लिहावी, मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावी आणि सर्व बिले वर्षवार जपून ठेवावीत. तक्रार लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी. दुकानातील मुलांना खतावणी शिकवताना बिलाची ही तपासणीही शिकवावी.