संगणकाचा ताप

ग्वाल्हेरचा उन्हाळा कसा असतो हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. एप्रिलच्या मध्यावर पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी लू सुटते आणि दगडी पटियांचे छत संध्याकाळपर्यंत तव्यासारखे तापून राहते. माणसे डोक्याला पंचा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात, पन्हे पितात. यंत्राला यातले काहीच करता येत नाही. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या संगणक कक्षातील कोपऱ्यातला संगणक दर वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद पडू लागला.

हा संगणक म्हणजे नुसता मुलांच्या सरावाचा नव्हे. शाळेचे जुने छापील वार्षिकांक त्याच्यावर स्कॅन करून, त्यातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीतून काढून, मजकुराच्या रूपात साठवण्याचे काम गेले वर्षभर चालू आहे. त्यांचा कागद इतका पिवळा आणि ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो. एकेक अंक फार तर एकदाच उघडता येईल, अशी स्थिती. आणि नेमके अक्षरे ओळखण्याचे काम सुरू झाले की यंत्र बंद! चालू पानाचे काम वाया, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही म्हणजे कक्ष सांभाळणारे दोन शिक्षक आणि नववी-दहावीतली सहा मुले-मुली. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावले. त्यांनी पेटी न उघडताच निदान केले, "मदरबोर्ड गेला आहे, आता यात काही राम नाही, नवीन घ्या." नव्याचा अंदाज ३२,००० रुपयांचा आला. शाळेजवळ तेवढी रक्कम होती, पण ती माजी विद्यार्थ्यांनी व्हरांड्यात थंड पाण्याचे यंत्र बसवण्यासाठी दिलेली. समितीच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. वार्षिकांक वाचवायचे की मुलांना थंड पाणी द्यायचे, असा तो प्रश्न होऊन बसला. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पहिले काम केले ते एक वही घालण्याचे. यंत्रात लिनक्स आहे (हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, असो). लिनक्समध्ये 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली की प्रोसेसरचे तापमान दिसते. विंडोजवर हेच काम 'कोअर टेम्प'सारखी छोटी मोफत प्रणाली करते. भिंतीवर एक साधा तापमापक लावला. एकाने घड्याळ बघायचे, एकीने आकडे वाचायचे, तिसऱ्याने लिहायचे, अशी वाटणी झाली.

खोलीचे तापमान शेजारच्या रकान्यात लिहायचे हा आग्रह आमच्यातल्या विज्ञानाच्या बाईंचा. प्रोसेसर ९५ अंशांवर आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. तो खोलीपेक्षा किती वर आहे हे महत्त्वाचे. कारण पंखा काही थंडी निर्माण करत नाही, खोलीतलीच हवा तो पात्यांवर फेकतो. जानेवारीत खोली १५ अंशांवर असते, एप्रिलच्या दुपारी ३७ वर. बाकी काहीही न बदलता प्रोसेसरचा आकडाही जवळजवळ तेवढाच, बावीस अंशांनी, वर सरकतो. म्हणजे दुखणे हिवाळ्यातही असणारच, फक्त थंडीने झाकून ठेवलेले. 'उन्हाळ्यातच बिघडतो' असे ज्या यंत्राबद्दल आपण म्हणतो, त्याचा बिघाड बहुधा कितीतरी महिने जुना असतो.

आमचे पहिले आकडे असे: खोली ३६, यंत्र रिकामे बसलेले असताना प्रोसेसर ६७, आणि अक्षरे ओळखण्याचे काम दिल्यावर वीस सेकंदांत १००. हा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे. शंभर अंशांना पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग उतरवतो. तरीही ताप चढत राहिला तर शेवटी वीज तोडून बंद होतो. वहीत तेही दिसले. ३२०० मेगाहर्ट्झचा वेग घसरून १६०० च्या आसपास आला, आणि काही वेळाने पडदा काळा झाला. तेव्हा हे बंद पडणे म्हणजे मरण नसून जीव वाचवण्याची धडपड होती, एवढे पक्के झाले.

आता उष्णता अडते कुठे ते शोधायचे. भरपूर काम करताना हा प्रोसेसर ८४ वॉटपर्यंत उष्णता काढतो. जुन्या शंभर वॉटच्या दिव्याजवळ हात नेला तर कसा चटका बसायचा ते आठवावे. जवळजवळ तेवढी उष्णता इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून निघते. तिची वाट ठरलेली आहे. चिपवरून धातूच्या झाकणात, तिथून पेस्टच्या पातळ थरातून ॲल्युमिनियमच्या पात्यांत, पात्यांवरून पंख्याच्या हवेत, हवेबरोबर पेटीबाहेर आणि मग खोलीत. पात्यांपर्यंतचा प्रवास वहनाचा, पुढचा अभिसरणाचा. सातवीच्या पुस्तकातले हे शब्द मुलांनी आपणहून काढले, तेव्हा बाईंना झालेला आनंद लपत नव्हता.

वाट कुठे तुंबली ते पेटी न खोलताही बरेचसे कळते, आणि या गोष्टीत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. आकडा काही सेकंदांत उडी मारून वर जात असेल, तर उष्णता पात्यांपर्यंत पोचतच नाही; अडथळा चिपच्या अगदी जवळ, पेस्टमध्ये किंवा बसवण्यात. आकडा दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत असेल, तर पात्यांपर्यंत ती पोचते आहे, पुढे हवा तिला नेत नाही. मग धूळ, पंखा किंवा बंद पेटी यांच्याकडे बघावे. दुसरी परीक्षा पेटीची बाजूची पाटी काढून घेण्याची. पाटी काढताच दहा-बारा अंश उतरले तर दोष पेटीतल्या हवेचा. आमच्या यंत्रात उतरले तीन. तिसरी परीक्षा बोटाची. ती आमच्यातल्या सरांनीच केली, मुलांना करू दिली नाही, कारण शेजारी पंखा फिरत असतो. पडद्यावर ९८ दिसत असताना पाती कोमट लागली. चहाचा कप धरावा इतपत. खाली शंभर आणि वर कोमट! तिन्ही परीक्षांनी एकाच जागी बोट ठेवले.

एवढे कळूनही आम्ही आधी धूळच काढली, कारण ती दिसत होती. वीज बंद करून, तार काढून, पेटी अंगणात नेली. पंख्याखाली पात्यांमध्ये धुळीचा नमदा जमला होता, रंगकामाच्या ब्रशने तो अखंड निघाला. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग बिघडते. धुळीबरोबर दोन अक्षता आणि झेंडूची एक वाळकी पाकळीही निघाली. दसऱ्याला यंत्रपूजा करतो त्याचा तो प्रसाद. पूजा जरूर करावी, पण अक्षता समोरून वाहाव्यात, वरच्या जाळीतून नव्हे, असे आमचे नम्र मत आहे.

साफसफाईनंतर रिकाम्या यंत्राचा आकडा ६७ वरून ६२ वर आला. कामाला लावल्यावर मात्र शंभर ते शंभरच. फरक इतकाच, की वीसऐवजी चाळीस सेकंदांत. मुलांचे चेहरे उतरले. आम्हाला तो निकाल चांगला वाटला, कारण वहीने जे सांगितले होते ते खरे ठरत होते.

मग कूलर काढला. (खिडकीतला खसचा नव्हे, प्रोसेसरवरचा!) इंटेलच्या या साध्या कूलरला चार पाय असतात, प्रत्येक पायाच्या डोक्यावर एक बाण. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढले की पाय सुटतो. तीन पाय तसे सुटले, चौथा सोडवावा लागलाच नाही, तो आधीच निघालेला होता. मागल्या वर्षी कक्ष खालच्या मजल्यावरून वर आला, तेव्हा पेट्या जिन्याने आणि आडव्या करून नेल्या गेल्या. त्या धक्क्याने तो निसटला असावा. एक कोपरा केसभर उचललेला, आणि त्या फटीत पेस्ट वाळून पांढऱ्या खडूसारखी झालेली. केसभर फटीने एवढे व्हावे याचे मुलांना नवल वाटले, म्हणून बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता दोनशेच्या वर, बऱ्या पेस्टची चार ते आठ, आणि हवेची ०.०२६. हवा म्हणजे उष्णतेपुरती रजईच. पेस्टचे काम धातूशी स्पर्धा करण्याचे नाहीच, तिने फक्त हवेची जागा घ्यायची.

म्हणूनच ती थापायची नसते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने दोन्ही बाजूंनी चकचकीत होईपर्यंत पुसली, नवी वाटाण्यापेक्षा जरा लहान अशी मधोमध ठेवली, आणि कूलरच्या दाबानेच पसरू दिली. पाय बसवताना आधी बाणाच्या उलट दिशेने फिरवून घ्यावे, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी दाबावी, 'टक्' असा आवाज येईपर्यंत. एका बाजूचे दोन आधी दाबले तर दुसरी बाजू उचलते. हे करण्यासाठी आम्ही बोर्ड पेटीतून पूर्ण बाहेर काढला होता. वेळ गेला, पण मागून चारही पाय पूर्ण उतरल्याचे डोळ्यांनी बघता आले, आणि दाबताना बोर्डही वाकला नाही. पंख्याची तार परत जोडली, ती पात्यांना लागत नाही ना हे पाहिले.

खोली ३७. रिकामे यंत्र ४६. काम दिले. वीस सेकंदांनी ५८, पाच मिनिटांनी ७१, अर्ध्या तासाने ७८, आणि तिथेच थांबले. वेग ३२०० च्या खाली आला नाही. वही लिहिणाऱ्या मुलीने ७८ हा आकडा चार वेळा लिहिला, कारण तिचा विश्वास बसेना. एकूण खर्च पेस्टचा २५० आणि अल्कोहोलचा १२० रुपये. ब्रश चित्रकलेच्या सरांचा, तो अजून परत करायचा आहे.

यानंतर जागाही बदलली. टेबलाच्या लाकडी कप्प्यात भिंतीला टेकून बसलेली पेटी बाहेर काढली आणि मागे वीतभर जागा सोडली. खिडकीतल्या कूलरचा झोत थेट तिच्यावर येत होता, तो वळवला. त्या झोतात गारवा असतो तसे तुषारही असतात. पेटीवरचा भरतकामाचा अभ्रा मात्र वादाचा विषय झाला. तो एका माजी मुख्याध्यापिकांनी स्वतः विणून दिलेला. शेवटी यंत्र बंद करून अर्धा तास झाल्यावरच घालायचा, असा तह झाला, आणि शाळेतले मामा तो कसोशीने पाळतात.

बातमी पसरल्यावर पालकांनी घरची यंत्रे आणली. एकाचा आकडा सावकाश चढत होता, पाती हात लावू देत नव्हती आणि बाजूची पाटी काढताच चौदा अंश उतरले. पेटीच्या मागचा पंखा बंद पडलेला होता, तो बदलल्यावर काम झाले. दुसरे यंत्र ६० अंशांवर असतानाच बंद पडत होते. त्याला पेस्ट लावून काही उपयोग नव्हता. दोष एसएमपीएसचा निघाला, आणि ते आम्ही जाणकाराकडे पाठवले. एसएमपीएसची पेटी घरी उघडू नये, वीज काढल्यावरही तिच्यात धोकादायक दाब शिल्लक राहतो.

थंड पाण्याचे यंत्र जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी व्हरांड्यात बसले. वार्षिकांकांचे काम १९६८ पर्यंत आले आहे. १९५३ चा अंक आमच्याकडे नाही, कोणाच्या घरी असल्यास एका दिवसासाठी द्यावा, तो जपून परत करू. वही संगणकाशेजारी सुतळीने बांधून ठेवली आहे. कोणाला आपले यंत्र दाखवायचे असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर आणावे. आणण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: खोलीचे तापमान, यंत्र रिकामे असतानाचा आकडा, आणि काम दिल्यावर तो किती वेळात कुठवर चढला.