बोजवाऱ्याची तालीम

रंगपटातला गोंधळ आपल्या नाटकाच्या मुळावर उठतो, ही धडपड्या नाटककाराची जुनी तक्रार. नट आयत्या वेळी दगा देतो, कुणी वाक्यं खातो, कुणी पदरची घालतो, आणि घासूनपुसून लिहिलेल्या संहितेचं मातेरं होतं. कोकणात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर ही तक्रार टिकत नाही. कार्तिकापासून या पट्ट्यात जत्रा लागतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. त्याला लेखी संहिता नसतेच. नट आपल्या पेटाऱ्यापुढे बसून, आरसा टेकवून, स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. आख्यान कोणतं आणि सोंग कुणाचं, एवढंच आधी ठरतं. समोर एक बाकडं, तेच सिंहासन. बाकी बोलणं उभ्या उभ्या सुचतं आणि पेटी-पखवाजवाले त्याला सांभाळून घेतात. नाटककार ज्याला धास्तावतो ते इथे दर रात्री घडतं, तरी पहाटेपर्यंत माणसं हलत नाहीत.

मग लेखक हवाच कशाला? गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ हे नाटक इथे कामी येतं. गावातली मंडळी महाभारतातला प्रसंग करायला घेतात आणि त्याचा फज्जा उडतो, एवढंच कथानक. 1980 साली ते मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि हजारो प्रयोग झाले. त्यातली तात्या सरपंचाची भूमिका गाजवणारे मच्छिंद्र कांबळी मालवणजवळच्या रेवंडीचे. लोकांनी ‘वस्त्रहरणा’ला मालवणी शिव्यांचं नाटक ठरवलं (शिव्या आहेतच, नाही कोण म्हणतो!), पण गवाणकरांनी गोंधळालाच संहितेत घेतलं, हे फारसं कुणी बोलत नाही. फजिती हुकमी घडवायची तर कोण कधी अडखळणार हे मोजूनमापून लिहावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या प्रयोगांत नटांनी इतकी भर घातली की नाटक लेखकाचं उरलंच कुठे? भर पडली, खरंच. पण भर टिकायला खाली काहीतरी पक्कं लागतं. दशावतारी नटाला ते पुराण देतं: द्रौपदीचं काय होणार हे प्रेक्षकाला पाठ असतं, म्हणून राजा कितीही वाहवला तरी धागा तुटत नाही. नवं कथानक रचणाऱ्याला ती सोय नाही, त्याला तो धागा स्वतःच वळावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे प्रहसनात चालतं, गंभीर नाटकात एक शब्द हलला तरी प्रसंग पडतो. हे मला मान्य आहे. पण तिथेही प्रत्येक शब्द सारख्या वजनाचा नसतो. प्रहसनातही तसंच: ‘वस्त्रहरणा’त सरपंचाचा टोला गावागणिक बदलला तर बिघडत नाही, द्रौपदीच्या प्रवेशाची वेळ चुकली तर मात्र पुढचा सगळा हशा पडतो.