कुरूप स्वेटर आणि इस्त्रीचे कपडे

आमच्या ऑफिसात डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी सगळ्यांनी कुरूप स्वेटर घालून जेवायला जमायचं आहे. सगळ्यात कुरूप स्वेटरला बक्षीस. मिरजेला फोनवर अम्मीला हे सांगितलं तेव्हा लाइन खराब आहे असं वाटून तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "पैसे देको खराब स्वेटर कायकू लेते लोकां?"

प्रश्न बरोबर आहे. इथं कॅनडात नाताळ म्हटला की लोकरीचे नक्षीदार स्वेटर आलेच. हिमकण, रेनडिअर, सांताक्लॉज. कुण्या आजीनं, मावशीनं प्रेमानं दिलेला, अंगाला टोचणारा, आणि निदान एक दिवस तरी घातल्याशिवाय सुटका नाही असा. 2001 साली 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' या सिनेमात कॉलिन फर्थ छातीवर भलामोठा रेनडिअर घेऊन उभा राहिला आणि लोक हसले. पुढच्याच वर्षी व्हँकुव्हरमध्ये दोन मित्रांनी खास अशा स्वेटरांची पार्टी दिली, तीच पहिली असं इकडं सांगतात. आता दुकानंच्या दुकानं मुद्दाम कुरूप केलेल्या स्वेटरांनी भरलेली असतात. काहींना बटण असतं, दाबलं की दिवे लागतात.

निमंत्रणात 'ख्रिसमस' शब्द नाही, 'हॉलिडे' आहे. आमच्या विभागात दोन शीख आहेत, एक तमिळ आहे, एक इराणी आहे आणि मी. सगळ्यांना सामावून घ्यावं हा हेतू. हेतू चांगलाच आहे, पण दुकानात कापडावर जे असतं ते नाताळचंच असतं. त्यात माझ्या डोक्यावर स्कार्फ. लाल स्वेटरवर हिरवा स्कार्फ घेतला तर मी चालतंबोलतं नाताळचं झाड. पांढरा घेतला तर सांताची दाढी वर सरकल्यासारखी दिसते. आरशासमोर हे प्रयोग करून झाले आहेत.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय निघाला आणि धाकट्या चुलतभावानं लगेच तशब्बुहची हदीस टाकली. जो एखाद्या कौमेचं अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच. त्याखाली मोठ्या खालानं फक्त गुलाबाचं फूल टाकलं, म्हणजे तिला भांडण नको होतं. मी हदीस उडवून लावत नाही. माझी रेघ मला ठाऊक आहे. क्रॉस किंवा गोठ्यातल्या बाळाचं चित्र मी छातीवर घालणार नाही. ईसा अलैहिस्सलाम आपलेही पैगंबर आहेत, म्हणूनच चेष्टेच्या कपड्यावर ते नकोत. पण हिमकणाला कसला आलाय मजहब? तो इथं माझ्याही दारात पडतो आणि फावड्यानं मलाच काढावा लागतो.

तेव्हा प्रश्न हराम-हलालचा उरला नव्हता. तरी तीन रविवार दुकानं फिरून मी हात हलवत परत येत होते. अडत होतं दुसरीकडंच.

आमच्या घरी बाहेर पडताना इस्त्री लागायची. अब्बांचा पगार बेताचा, कपडे दोन-तीन जोड, पण चुरगळलेलं चालायचं नाही. लहानपणी मला ही शिस्त वाटायची. पुण्यात नोकरी लागल्यावर भाड्यानं खोली शोधताना त्या इस्त्रीचा अर्थ कळला. मी माझा सगळ्यात चांगला सलवार-कमीज घालून जायची, नाव सांगायच्या आधी हसायची, मराठी जरा जास्तच स्वच्छ बोलायची. नाव सांगितल्यावर काही ठिकाणी खोली अचानक पुतण्यासाठी ठेवलेली निघायची. आपल्यापैकी ज्यांनी पुण्या-मुंबईत घर शोधलंय त्यांना हे पुतणे माहीत असतील.

त्याआधी कॉलेजात 'ट्रॅडिशनल डे' असायचा. मैत्रिणी म्हणायच्या, तू तुमचा शरारा घाल ना. आमच्याकडं शरारा होता कुठं? माझी नानी जन्मभर लुगडं नेसली, शेतात काष्टा मारून भांगलायला गेली, नमाजला त्याच लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला. मी नानीचं लुगडं नेसून गेले तर सगळ्यांनी कौतुक केलं, अगदी मराठी दिसतेस म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी घातलेलं काहीच नुसतं कापड राहत नाही, त्याची साक्ष होते, हे तेव्हापासून अंगात बसलं. इथं आल्यावर स्कार्फमुळं तर ती साक्ष आणखी मोठ्यानं बोलते. म्हणून मी ऑफिसात कायम नीटनेटकी असते, जरा जास्तच. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी मोजे वेगवेगळे घालून येतो आणि त्यावरून त्याच्या कौमेबद्दल कुणी काही ठरवत नाही.

कुरूप दिसायलाही ऐपत लागते, पैशाची नव्हे, दुसरीच. ती माझ्याकडं आहे का, हे मी त्या दुकानांत शोधत होते.

एका मैत्रिणीनं सुचवलं, तुझ्या आईनं विणलेला एखादा असेल ना, तोच आण. आहे. उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांतून विणलेला, एक बाही मोरपंखी, एक विटकरी, पाठीवर दोन्ही संपल्यामुळं करडा. कुणीही बघितलं तर बक्षीस नक्की. पण मिरजेची ती काय थंडी, आणि तेवढ्या थंडीसाठी अम्मी दिवाळीआधीपासून सुया घेऊन बसायची. आपण पोरं भावाचा स्वेटर उसवून बहिणीला झालेली. ते हसण्यासाठी मांडायला मी तयार नाही.

मग एक मोठी सुंदर कल्पना सुचली. सूरह मरयममध्ये प्रसूतीच्या कळा सुरू होतात त्या खजुराच्या झाडाखाली. तिथं बर्फ नाही, गोठा नाही, ताजे खजूर आहेत आणि पायाशी झरा आहे. मक्केतून हबशाला गेलेल्या मुसलमानांनी तिथल्या ख्रिस्ती राजासमोर, नजाशीसमोर, याच सूरहमधल्या आयती वाचल्या होत्या. स्वेटरवर हिरव्या कापडाचं खजुराचं झाड शिवायचं, खाली तपकिरी मण्यांचे खजूर. चित्रात माणूस कुणी नाही, त्यामुळं माझी रेघही ओलांडली जात नव्हती. दोन दिवस मी खुशीत होते. कापडसुद्धा आणलं. मग शुक्रवार डोळ्यांसमोर आणून पाहिला. हातात प्लेट घेऊन मी उभी, आणि येईल त्याला समजावून सांगतेय की हे झाड म्हणजे काय, कुराणात मरयमचं नाव कितीदा येतं, आम्हीही ईसांना मानतो. लोक छान ऐकतील. माझं जेवण गार होईल. पुन्हा साक्षच.

कापड कपाटात ठेवलं. ईदला उशीचा अभ्रा शिवीन.

परवा जुन्या कपड्यांच्या दुकानात सात डॉलरला एक स्वेटर मिळाला. रंग शेवाळी. पुढं पेंग्विन आहे, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, गळ्यात खरोखरीचा विणलेला मफलर, त्याची टोकं गोंड्यांसकट माझ्या पोटावर लोंबतात. पेंग्विनाला काहीही म्हणायचं नाही. लांबी मांडीपर्यंत आहे, बाह्या मनगटाच्या खाली येतात, माझ्या हिशेबानं सगळं बसतं. स्कार्फ राखाडी घेणार आहे, नेहमीचाच.

अम्मीला फोटो पाठवला. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच दिसत होत्या. मग आवाजी निरोप आला. आधी हसू, मागं अब्बांचं "दिखा, दिखा", आणि मग ती म्हणाली, "किसका की होंगा, पहले गरम पानी में धो." सध्या तो बादलीत आहे. रंग सोडतोय, शेवाळीच.