थवा उडतो तेव्हा

चि. सागर,


भिगवणला रोहित पक्षी दाखवायला होडी घेतलीस, ताईनं फोटो पाठवला. कौतुक वाटलं. पण आत 8 माणसं, लाइफ जॅकेटं बाकाखाली आणि काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर! म्हणून लिहितेय.

तुझ्या 18 फुटी होडीत एक माणूस चढलं की ती अंदाजे 1 सेंटीमीटर खाली बसते. किरकोळ वाटतं ना? पण लाटेनं आत 5 सेंटीमीटर पाणी टाकलं, तर तो दोन-अडीचशे किलोंचा भार झाला. शिवाय माणसं सांगितल्या जागी बसतात, पाणी बसत नाही. होडी जिकडे कलेल तिकडेच ते धावतं आणि तिला आणखी कलवतं. त्यात थवा उडाला की सगळे कॅमेरे एकाच अंगाला, दोघं-तिघं उभे! वाराही नसताना होडी उलटते ती अशी. म्हणून पक्ष्यांजवळ जायच्या आधीच बजाव: फोटो बसूनच काढायचा. रागावले तर रागावू देत.

वाऱ्याचं तर तुला मी काय सांगावं! 21 मे 2024 ला कळाशी आणि कुगावदरम्यान चाललेली होडी भिगवणच्या याच उजनी धरणात वादळी वाऱ्यानं उलटली. सहा जण गेले. एक जण पोहून काठाला लागला, पण त्यावरून पोहण्याचा भरवसा धरू नकोस. धरणाचं पाणी लांबच लांब उघडं, वाऱ्याला अडवायला काही नाही; बघता बघता लाटा उठतात. आभाळ काळवंडलं की पैसे परत कर आणि काठ गाठ. वाऱ्यानं मध्येच गाठलं, तर होडी लाटेला आडवी होऊ देऊ नकोस. इंजिनाच्या वजनानं मागची बाजू आधीच दबलेली असते, तिथून लाट आत घेऊ नकोस.

आणखी एक, होडी विकणाऱ्याला विचार: दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे किंवा फोम आहे का? नसेल तर पाणी भरल्यावर फायबरची होडी तळाला जाऊ शकते, मग धरायलाही काही उरत नाही. आधी ते करून घे. पैसे कमी पडले तर मला सांग, ताईला नको.

आणि उद्यापासून 5 च माणसं घे. जॅकेट अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय दोर सोडू नकोस. तुझंही जॅकेट त्यात आलं.

तुझी,
मावशी